पुसलेलं उणे

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. गणिताचा आणि माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला, आणि तोही काही सन्मानाने नाही. ते पुढे सांगते. पण वीसेक वर्षं वह्या तपासल्या की एक गोष्ट न शिकता येते. खोडलेलं ओळखू येतं. रबर फिरलेल्या जागी कागद जरा खरबरीत होतो, आणि वही दिव्याखाली तिरपी धरली की पुसलेली रेघ अंधूक चमकते. शुद्धलेखन असो की भूमितीची आकृती, कागद काही लपवत नाही.

डिसेंबरमधल्या एका रात्री मुलीच्या गणिताच्या वहीत मला अशी जागा दिसली. तिची दहावीची पूर्वपरीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. ती वही उघडी टाकून पाणी प्यायला उठली होती, आणि मी सवयीने वही ओढली. वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण होतं: एका आयताकृती सभागृहाची लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर आहे, तर लांबी आणि रुंदी काढा.

मुलगी सेमी-इंग्रजीत आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. मी उर्दू माध्यमातली. मी जे ‘दो दर्जी मुसावात’ म्हणून शिकले ते ती ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ म्हणते, आणि शेजारचे काका ‘वर्गसमीकरण’. अज्ञात संख्येसाठी ती इंग्रजी अक्षर लिहिते. मी इथे आपलं जुनं ‘क्ष’ लिहिते, मला ते आवडतं. त्याच्याकडे बघूनच कळतं की इथे काहीतरी गुंता आहे.

तर रुंदी क्ष, लांबी क्ष + ३. गुणाकार १०८. म्हणजे क्ष² + ३क्ष − १०८ = ०. तिने अवयवही बरोबर पाडले होते: (क्ष + १२)(क्ष − ९) = ०. इथपर्यंत सगळं चोख. पुढच्या ओळीत तिने लिहिलं होतं, क्ष = १२ किंवा क्ष = ९. आणि त्या ९च्या आधीची जागा खरबरीत होती. वही तिरपी धरली. तिथे एक आडवी रेघ होती. उणे.

मग खाली, नीट अधोरेखित करून: लांबी १२ मी., रुंदी ९ मी. आणि हिरव्या पेनाने बरोबरची खूण. सरावसंचाच्या मागच्या पानावर उत्तर तेच छापलेलं होतं.

काय झालं होतं ते समजायला मला थोडा वेळ लागला. क्ष + १२ = ० वरून क्ष = −१२ यायला हवं होतं आणि क्ष − ९ = ० वरून क्ष = ९. घाईत तिने दोन्ही चिन्हं उलटी केली: १२ आणि −९. मग मागचं पान उघडलं. तिथे १२ आणि ९. तिच्याकडे १२ आणि −९. एका रेघेचा तर फरक. ती रेघ पुसली आणि उत्तर जुळलं.

“हे उणे का पुसलंस?” मी विचारलं.

“रुंदी निगेटिव्ह नसते अम्मी.”

“रुंदी निगेटिव्ह नसते म्हणून ते उत्तर सोडून देतात बेटा. पुसून पॉझिटिव्ह नाही करत.”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “तुला गणित येत नाही ना? मग का बघतेस? उत्तर बरोबर आहे.”

लागलं. कारण खरं होतं. तीस वर्षं मी स्वतःच हे वाक्य सगळ्यांना ऐकवत आले आहे, स्टाफरूममध्ये, नातेवाइकांत, बँकेच्या रांगेतसुद्धा: मला गणित येत नाही. एखादं वाक्य आपण इतक्यांदा बोलतो की घरातली मुलं ते आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू शकतात.

तरीही मी पेन्सिल उचलली. तिच्या ओळीत क्ष ही रुंदी होती. तिची पहिली किंमत १२. रुंदी १२ तर लांबी १५ आणि क्षेत्रफळ १८०. सभागृह १०८चं. “तुझ्या गणितातलं सभागृह गणितात मावत नाही,” मी म्हटलं. तिने स्वतः १२ घालून पाहिलं: १४४ + ३६ − १०८ = ७२. शून्य नाही. तिने वही मिटली आणि झोपायला गेली. भांडण नव्हतं, पण घरातली हवा जरा जड झाली होती.

मला झोप लागली नाही. मुलीच्या चुकीमुळे नव्हे, माझ्या एका चुकीमुळे.

नव्वदच्या दशकात मी दहावीला होते. तेव्हा बीजगणित आणि भूमिती असे दोन वेगळे पेपर असायचे. आमची पुस्तकं उर्दू. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांना सांगते, त्या पानावर एक गंमत असते. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो आणि समीकरण डावीकडून उजवीकडे. वाचताना नजर एका ओळीत दोनदा वळते. आम्हाला त्याची इतकी सवय होती की विचित्र वाटायचं नाही. बोर्डाच्या पेपरात मी एक समीकरण सूत्राने सोडवलं: क्ष² − ४क्ष − १ = ०. उत्तर आलं २ + √५ आणि २ − √५.

मी त्या उत्तराकडे बघत राहिले. आमच्या सरावाच्या वह्यांत उत्तरं यायची ३ आणि ५, ७ आणि −२, फार तर अर्धा. हे वर्गमूळ लोंबकळत राहिलेलं उत्तर मला अर्धवट शिवलेल्या कुर्त्यासारखं वाटलं. असं उत्तर असतं का कुठे? मागचं पान पेपरात नसतं. कुणाला विचारणार? मी संपूर्ण गणितावर एक तिरकी रेघ मारली, पुन्हा सोडवलं, पुन्हा तेच आलं, मग ओढूनताणून अवयव पाडले आणि काहीतरी पूर्णांकातलं लिहून आले. बाहेर आल्यावर मैत्रिणी रस्त्यातच उत्तरं जुळवत होत्या. दोघींचं आलं होतं दोन अधिक-उणे रूट पाच.

त्या एका गणिताने माझं आयुष्य बदललं असं मी म्हणणार नाही. गुण कमीच पडले असते. शायन्सला जायचं की आर्ट्‌सला हा निर्णय घरात आधीच अर्धा झाला होता. मला उर्दू-मराठी मिळाली याचं दुःखही नाही. पण ‘मला येत नाही’ हा जो शिक्का मी स्वतःवर मारून घेतला, त्यात त्या तिरक्या रेघेचा वाटा होता. मला ते गणित आलं होतं. आलं आहे हे कळायची रीत मला माहीत नव्हती.

आणि रीत किती सोपी! वर्गसमीकरणात क्ष²चा सहगुणक १ असला, तर दोन्ही मुळांची बेरीज मधल्या पदाच्या सहगुणकाचं चिन्ह बदलून येते आणि गुणाकार शेवटच्या पदाएवढा. २ + √५ आणि २ − √५ यांची बेरीज ४. गुणाकार ४ − ५, म्हणजे −१. समीकरणात बघा: −४ आणि −१. दहा सेकंदं. हे सूत्र माझ्या पुस्तकातही होतं, मुळं दिली असता समीकरण तयार करा या प्रकरणात. ते उलटं फिरवून स्वतःचं उत्तर तपासता येतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकांना ही कथा सांगितली. काका एका गिरणीच्या कचेरीत हिशेबनीस होते, १९८२च्या संपापर्यंत. नंतर पंधरा ठिकाणी वह्या लिहिल्या. मला ते पहिल्या दिवसापासून ‘टीचर’ म्हणतात. ते हसले आणि म्हणाले, “टीचर, तिला ताळा शिकवा. आमच्या साहेबाला बेरीज बरोबर असून चालायची नाही, ताळा लागायचा.”

ताळा. हा शब्द मी ‘ताळेबंद’मध्ये रोज वाचते, पण एकटा कधी हातात घेतला नव्हता. उत्तर बरोबर आहे का हे दुसऱ्या वाटेने जाऊन पाहणं म्हणजे ताळा. उर्दूत हिशेबाच्या तळाशी जी एकूण बेरीज लिहितात तिला मीजान म्हणतात, आणि मीजान म्हणजे तराजू. तराजूला दोन पारडी लागतात. मागच्या पानाशी जुळवण्यात एकच पारडं असतं.

काकांनी मुलीला नऊचा ताळा दाखवला. ४७ गुणिले ३६ बरोबर १६९२. आता ४ आणि ७ यांची बेरीज ११, पुन्हा बेरीज २. ३ आणि ६ यांची ९, म्हणजे शून्य धरा. दोन गुणिले शून्य, शून्य. उत्तराचे अंक १, ६, ९, २, बेरीज १८, पुन्हा ९, म्हणजे शून्य. जुळलं. मुलगी खूश. मग काकांनी विचारलं, “आणि घाईत १९६२ लिहिलंस तर?” तिने केलं. तेही जुळलं.

“मग काय उपयोग?” ती म्हणाली.

“उपयोग आहे ना. एक आकडा चुकला तर बहुतेक वेळा पकडतो. आकड्यांची अदलाबदल पकडत नाही. कुठला ताळा काय पकडत नाही ते ठाऊक पाहिजे.”

यातला शेवटचा भाग मला वाटतं शाळेत कुणीच शिकवत नाही. मीही शिकवत नाही. व्याकरणात असे कितीतरी ताळे आहेत.

त्या आठवड्यात मी एक जुनी गोष्ट शोधून मुलीला सांगितली. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘बीजगणित’ लिहिलं. हे आपलेच. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख आहे. तो अभ्यासकांसमोर आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, ज्यांच्या नावाचं संग्रहालय भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. तर या ग्रंथात एक माकडांचं उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून जे उरतं त्याचा वर्ग, इतकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर चढलेलं दिसतं. एकूण किती?

मुलीने समीकरण मांडलं: (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. सोडवल्यावर क्ष² − ५५क्ष + २५० = ०. मुळं ५० आणि ५. तिने आपणहून बेरीज-गुणाकार पाहिला: ५५, २५०. मग मूळ समीकरणातही घातलं. ५०चा पाचवा हिस्सा १०, वजा ३, सात. साताचा वर्ग ४९ आणि एक, पन्नास. जुळलं. ५चा पाचवा हिस्सा १, वजा ३, उणे दोन. वर्ग ४ आणि एक, पाच. तेही जुळलं.

“मग दोन्ही बरोबर?”

“भास्कराचार्य म्हणतात पन्नास घ्या, पाच सोडा.”

तिने पुन्हा कागदाकडे पाहिलं. पाच माकडांच्या कळपात एक पंचमांश म्हणजे एक माकड. एकातून तीन कशी काढणार? गुहेत जायच्या आधी तिथे उणे दोन माकडं उभी राहतात. भास्कराचार्यांचं कारण साधं आहे, वजा राशी अशा ठिकाणी लोकांना पटत नाही. पण समीकरणाने तर ते उत्तर मान्य केलं होतं. असं का? मुलीच्याच लक्षात आलं. “वर्ग केला ना अम्मी. उणे दोनचा वर्ग चार. उणे गेलं.”

म्हणजे वर्ग करताना उणे चिन्ह पुसलं गेलं होतं. रबराने पुसावं तसं. ती हे बोलून गेली आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. सभागृहाच्या गणितानंतर ती माझ्यासमोर पहिल्यांदा हसली होती.

हे पुस्तक शहाजहानच्या काळात, १६३४च्या सुमारास, अताउल्लाह रुश्दी यांनी फारसीत आणलं. त्यांचे वडील उस्ताद अहमद लाहोरी, ज्यांना ताजमहालाचे स्थापत्यकार मानतात. त्याआधी १५८७मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली होती. आपल्या मजलिशींत गणिताचा विषय निघाला की अल-ख्वारिज्मीचं नाव घेऊन छाती पुढे काढायची पद्धत आहे. अल-जब्रवरून अल्जिब्रा, वगैरे. ते खरंच आहे, आणि बगदादमध्ये इसवी सन ८२०च्या आसपास त्याने क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण चौरस काढून सोडवलं, ते आजही कागद कापून मुलांना दाखवावं इतकं सुंदर आहे. मूळ या अर्थी त्याचा शब्द ‘जज्र’, झाडाचं मूळ, म्हणजे आपल्या ‘वर्गमूळ’मधलंच मूळ. पण नुसतं नाव घेऊन काय होतं? त्या समीकरणाचं दुसरं मूळ −१३ आहे. १६९ वजा १३०, ३९. ताळा जुळतो. ख्वारिज्मीने ते घेतलं नाही, कारण चौरसाची बाजू उणे कशी असेल? बगदादचा आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा माणूस एकाच जागी थबकला. हे मला त्या नावापेक्षा मोठं वाटतं.

मग त्रिकोणमिती आली, आणि माझी खरी फजिती.

पहिल्याच संध्याकाळी मुलगी ओरडली, “पुस्तक चूक आहे!” तिने उत्तर तपासायला फोनवर साइन ३० टाकलं होतं. पुस्तकात अर्धा, फोनवर −०.९८८. मी तर पार गोंधळले. शाळेतल्या गणिताच्या मॅडमना फोन केला तेव्हा उलगडा झाला: यंत्राने ३० हे अंश नव्हे तर रेडियन धरले होते. मशीनने चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं होतं. वर्गात अशी उत्तरं देणारी चार-पाच मुलं दरवर्षी असतात.

मॅडमनी फोनवरच दोन युक्त्या दिल्या. साइन किंवा कोसाइन कधी एकापेक्षा मोठा आला तर तिथेच थांबायचं, कारण कर्ण ही काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू. आणि नित्यसमानता तपासायची तर एखादा कोन घालून बघायचा, पण ४५ अंश घालायचा नाही. ४५ला साइन आणि कोसाइन सारखेच, टॅन एक. तिथे साइनच्या जागी कोसाइन लिहिलं तरी सगळं जुळतं. ४५ अंश फार गोड बोलतो, त्या म्हणाल्या, त्याच्यावर भरवसा नको. ३० घाल. साइन अधिक कोसाइन बरोबर एक असं कुणी लिहिलं तर ३० लगेच पकडून देतो: ०.५ अधिक ०.८६६. मात्र ३०ला जुळलं म्हणून सिद्ध झालं असंही नाही. सिद्धता वेगळी लिहावीच लागते.

रविवारी आम्ही उंची-अंतराचं गणित रस्त्यावर नेलं. कोनमापकाला नळी चिकटवली, दोऱ्याला एक नट बांधून लोंबता सोडला. प्रभादेवीत उंच इमारतींना तोटा नाही; जिथे काकांच्या तरुणपणी गिरण्यांची धुराडी होती तिथे आता टॉवर आहेत. एका टॉवरसमोर, पुढे-मागे सरकत, टोक बरोबर ६० अंशांत दिसेल अशी जागा शोधली. मग दहा मीटरची दोरी चार वेळा टाकून अंतर मोजलं. ४० मीटर. डोक्यावर ओढणी घेतलेली बाई आणि तिची मुलगी टॉवरकडे नळी रोखून उभ्या आहेत, हे पाहून वॉचमन उठून आला. त्याचं कामच ते. तरी माझ्या पोटात गोळा आलाच. का आला ते वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना सांगायला नको. मी ओळखपत्र शोधायला पर्स उघडत होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “काका, टॅन साठने उंची काढतोय.”

“टॅन साठ म्हणजे रूट तीन,” वॉचमन म्हणाला. साताऱ्याचा होता, बारावीपर्यंत शिकलेला. मग नळी स्वतःच्या डोळ्याला लावून त्यानेही एकदा बघितलं.

मुलीने तिथेच वहीत मांडलं आणि उत्तर काढलं: ४० भागिले √३, साधारण २३. मग तिने विचारलं, “काका, मजले किती?”

“पार्किंग धरून तेवीस.”

“जुळलं!” ती रस्त्यात उडी मारून म्हणाली. मीही म्हणाले, माशाल्लाह. वॉचमननेही मान हलवली. तिघेही खूश. घराकडे वळलो, आणि कीर्ती कॉलेजच्या गल्लीत वडापाव खाताना मुलीचा घास मध्येच थांबला. “अम्मी, तेवीस मीटर आणि तेवीस मजले? मग एक मजला एक मीटरचा?”

तिने भागाकार केला होता, करायला हवा होता गुणाकार. ४० गुणिले √३, म्हणजे ६९ मीटर आणि थोडं वर, शिवाय डोळ्यांपर्यंतची उंची. आकडेमोड न करताही कळायला हवं होतं. कोन ४५ असता तर उंची अंतराएवढी, म्हणजे ४०. कोन त्याहून मोठा, तर उंची ४०च्या वरच असणार. २३ शक्यच नाही. गोड बोलणारा ४५ इथे मात्र कामाला आला.

आणि तेवीसला तेवीस जुळले कसे? रात्री तिने कागदावर उलगडून दाखवलं. तो निव्वळ योगायोग नव्हता. मजला साधारण ३ मीटरचा. ४०√३ला ३ने भागलं की येतात ४० भागिले √३. ६० अंशात उभं राहिलात तर चुकीचं उत्तर दर वेळी मजल्यांच्या संख्येच्या आसपासच येणार. म्हणजे आमचा ताळा आमच्या चुकीला नेमका साजेसा निघाला होता. हे तिला टॉवरच्या उंचीपेक्षा जास्त आवडलं. दोन दिवस ती भेटेल त्याला हे कोडं घालत होती. काकांनी तिला त्याबद्दल एक पेन दिलं.

माझ्या आवडीची गोष्ट मीही तिला सांगितली, कारण हा एवढा एकच प्रांत माझा. ‘साइन’ हा शब्द मुळात एक न तपासलेली चूक आहे. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणतात. अरबांनी भारतीय गणित घेतलं तेव्हा तो शब्द ‘जीबा’ असा उचलला. अरबी लिपीत स्वर बहुतेक वेळा लिहीत नाहीत. उरतात जीम, ये, बे. अर्थ ठाऊक नसलेल्या वाचकाने ते ओळखीच्या शब्दासारखं वाचलं, ‘जैब’, म्हणजे कपड्याची घडी, गळ्याशी असलेली पोकळी. आपल्या कुर्त्याची ‘जेब’ तीच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घडीसाठी आपला शब्द घातला, ‘सायनस’. दोरीची घडी झाली, घडीचं साइन झालं. माझ्या वर्गात एखादी मुलगी जेर-जबर न बघता शब्द वाचते तेव्हा मी तिला थांबवते. इथे थांबवायला कुणी नव्हतं, आणि शेकडो वर्षं सगळं जग तेच वाचत आलं. गणित मात्र बिघडलं नाही. शब्द चुकला तरी त्रिकोण आपल्या जागी होता.

पूर्वपरीक्षेच्या आधी मुलीच्या क्लासमधल्या सरांनी सांगितलं की पडताळ्यात वेळ घालवू नका, त्याला गुण नसतात. सरांचं एका अर्थी बरोबर आहे. ४० गुणांचा पेपर, दोन तास, आणि आकृत्याही काढायच्या. मुलीने मला विचारलं, काय करू? मी म्हटलं, सगळं तपासू नकोस. मुळांची बेरीज-गुणाकार कच्च्या कामाच्या कोपऱ्यात. उंचीच्या गणितात कोन ४५च्या वर की खाली एवढंच बघ. आणि शाब्दिक उदाहरणात शेवटी प्रश्न पुन्हा एकदा वाच. समीकरण नव्हे, प्रश्न. समीकरण आपणच मांडलेलं असतं, तिथे चूक असेल तर ती सुखाने जुळत राहते.

तिला भाग एकमध्ये ४०पैकी ३१ मिळाले. वर्गसमीकरणाचे सगळे गुण आले. संभाव्यतेत पाच गेले, सांख्यिकीत चार. क्लासमधल्या पहिल्या पाचांत ती नाही. तपासलेला पेपर घरी आला तेव्हा मी तो सवयीने दिव्याखाली तिरपा धरला. समासात बारीक आकड्यांत बेरजा आणि गुणाकार होते. दोन ठिकाणी काट मारून पुन्हा सोडवलेलं होतं, पेनाने, उघडपणे. खरबरीत जागा सापडली नाही.

“तू काय शोधतेयस?” तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “तुझं ते गणित काय होतं गं? बोर्डातलं?”

मी पेपराच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहिलं, क्ष² − ४क्ष − १ = ०. आकडे विसरले नव्हते. २ + √५ घातलं. वर्ग केला: ९ + ४√५. त्यातून ८ + ४√५ गेले, एक उरला. एकातून एक गेला. शून्य.

मी पेन्सिल खाली ठेवली. तिने ती उचलून परत माझ्या हातात दिली.

“दुसरं मूळ राहिलं,” ती म्हणाली.